बोलाच्या मागावर

शके १२०० चा सुमार. तुम्ही वऱ्हाडात, ऋद्धिपूरला, वाजेश्वरीच्या देवळात एका खांबाला टेकून बसला आहात. देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव आहे. गावात चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू अजून हिंडताहेत, आणि लोक त्यांना ‘राऊळ’ म्हणतात. तुमच्या समोर एक विद्वान माणूस मांडीवर पाने घेऊन बसला आहे. लेखणी हातात आहे, पण बराच वेळ झाला, त्याने एक अक्षरही काढलेले नाही. तो ऐकतो आहे.

शेजारच्या माणसाला तुम्हाला विचारायचे आहे, ‘काय खबर?’ तोंड उघडता आणि शब्द येतच नाही. ‘हा किस्सा कुणाचा?’ असे विचारू पाहता, तेही जमत नाही. खबर, किस्सा, जबाब, मजकूर, बयान, अफवा, तक्रार, गप्पा हे तुमच्या रोजच्या तोंडातले शब्द फारसी-अरबीकडून अजून यायचे आहेत. उत्तरेकडच्या फौजा देवगिरीला पोचलेल्या नाहीत. या प्रवासाचा नियमच असा, की जो शब्द त्या काळी रुळलेला नाही तो तुमच्या जिभेवर येणार नाही. ज्या मुक्कामी जे मिळेल त्यावर भागवायचे. तेव्हा कान उघडे ठेवा, इथे मिळण्यासारखे पुष्कळ आहे.

लिहिणारे ते म्हाइंभट. सराळे गावचे, शास्त्रात मुरलेले. विद्येच्या तोऱ्यात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींशी वाद घालायला गेले आणि त्यांचेच होऊन राहिले. स्वामी उत्तरापंथे निघून गेले त्याला थोडीच वर्षे झाली आहेत. मागे राहिलेल्यांत नागदेवाचार्य मुख्य. त्यांना सगळे भटोबास म्हणतात. स्वामींच्या आठवणी ते सतत मनाशी घोळवत असतात. ते ऐकूनच म्हाइंभटांना वाटले, की ही माणसे आहेत तोवर हे लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर पुढच्यांच्या हाती काय राहणार? मग स्वामींना ज्यांनी पाहिले, ऐकले, त्या एकेकाला गाठून ते विचारू लागले.

आज पाळी एका म्हातारीची आहे. तिने स्वामींना कुठल्याशा गावी पाहिले होते. म्हाइंभट विचारतात आणि विचारतच राहतात. स्वामी बसले होते की उभे होते? ओट्यावर की अंगणात? जवळ आणखी कोण होते? आधी तू बोललीस की ते बोलले? म्हातारी सांगत जाते. मग शेवटचा प्रश्न येतो: हेच शब्द होते? म्हातारी डोळे मिटते. एक शब्द म्हणते, मान हलवते, तो मागे घेते आणि दुसरा म्हणते. लेखणी हलते ती आत्ता.

हे लिहिलेले भटोबासांपुढे जाणार. ते ऐकणार, आठवणार, असेल तिथे दुरुस्त करणार आणि मगच ते ग्रंथात बसणार. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ म्हणून आपण ज्याचे नाव घेतो तो ‘लीळाचरित्र’ असा तयार होतो आहे. एका माणसाने काय सांगितले एवढ्यावर इथे कुणाचे समाधान नाही. कसे सांगितले, कुठे, कुणाला आणि कोणत्या शब्दांत, हे सगळे त्यांना हवे आहे. मला विचाराल तर आपल्या भाषेला पहिल्याच पावलाला लाभलेले हे मोठे भाग्य आहे.

शब्द गोळा करू लागा. स्वामींच्या आयुष्यातली, त्यांच्या बोलण्या-वागण्याची एकेक घटना म्हणजे ‘लीळा’. त्यांच्या तोंडचे आटोपशीर वचन ते ‘सूत्र’. बोलता बोलता दिलेला दाखला तो ‘दृष्टान्त’, आणि तो दाखला ज्याला लावायचा ते ‘दार्ष्टान्तिक’. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट स्वामींनी सांगितलेली आहे. पुढे भटोबासांचे शिष्य केसोबास यांनी स्वामींचे ११४ दृष्टान्त एकत्र केले, तो ‘दृष्टान्तपाठ’. आणखी एक शब्द इथूनच घ्या, कारण तो दुसरीकडे या अर्थाने मिळायचा नाही. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि लोकांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. हिराइसा नावाच्या बाईंच्या पाठांतराला त्यात मोठा मान आहे. तेव्हा एकाचे सांगणे दुसऱ्याशी जुळेना, तर एकाला खोटे पाडायचे नाही, असे ठरले. वेगळे सांगणेही नोंदवायचे. अशा पाठभेदाला महानुभावांनी ‘वासना’ म्हटले. साक्षीदारांची मते जुळत नाहीत म्हणून गोंधळणारे आपण, आणि तेराव्या-चौदाव्या शतकात त्यासाठी स्वतंत्र शब्द घडवणारे हे लोक!

क्रियापदेही ऐका. इथे लोक ‘पुसतात’ आणि ‘परिसतात’, म्हणजे विचारतात आणि ऐकतात. ‘निरोपणे’ म्हणजे सांगणे. ‘अनुवादणे’ म्हणजे दुसऱ्याचे बोल पुन्हा म्हणणे. ‘वाखाणणे’ म्हणजे उलगडून, विस्ताराने सांगणे. व्याख्यान शब्दाचाच तो मराठी अवतार. सातशे वर्षांनी आपण एखाद्याला वाखाणतो तेव्हा नुसती स्तुती करतो. आणि ‘गोष्टी’ म्हणजे चार माणसांनी बसून केलेला संवाद. आपण मुलाला सांगतो ती गोष्ट या बैठकीतून उठून आलेली आहे.

देवळाबाहेर पडण्यापूर्वी एक प्रसंग ऐकून जा. भटोबासांच्या आठवणींच्या ‘स्मृतिस्थळा’त तो आहे. पंडित शिष्य भटोबासांना संस्कृतात काहीतरी विचारू लागले. भटोबासांनी सरळ सांगितले, की तुमचे हे मला कळत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितले आहे, तुम्हीही मराठीतच विचारा. केसोबासांना संस्कृतात ग्रंथ रचण्यापासूनही त्यांनी आवरले, आणि कारण काय दिले? माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. शास्त्र कुणासाठी लिहायचे याचा निकाल त्यांनी समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे बघून दिला. ज्यांच्या आठवणींतून ग्रंथ उभा राहिला त्यांना तो वाचून दाखवला तर कळला पाहिजे, इतका तो साधा हिशेब होता.

पुढचे दोन मुक्काम धावते घ्या. १६१६ साली गोव्यात, साष्टीतल्या रायतूरला, छापखान्यातून एक पुराण बाहेर पडते आहे. अक्षरे रोमन, ओव्या मराठी. कवी आहेत फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात आले आणि इथल्या लोकांची बोली व पुराणिकांची मराठी त्यांनी कानांनी इतकी आत्मसात केली, की ख्रिस्ताची कथा ओवीत सांगताना त्यांना अडखळावे लागले नाही. या लोकांना कथा सांगायची तर ती त्यांच्या ओळखीच्या घाटात सांगितली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून ‘पुराण’, म्हणून ‘ओवी’, म्हणून ‘अवस्वरू’, म्हणजे अध्याय.

दुसरा मुक्काम रायगड, राज्याभिषेकानंतरची वर्षे. तुमची ‘खबर’ आणि ‘जबाब’ आता जिभेवर परत आले आहेत. खलिता, फर्मान, अर्ज, मसुदा, सगळे आले आहेत. आणि गंमत बघा, नेमके इथेच त्यांना पर्यायी शब्द शोधण्याचे काम चालू आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राजव्यवहारकोश’ तयार होतो आहे. त्यात दहा वर्ग आहेत आणि त्यातला एक लेखनाच्या शब्दांचा आहे. फारसीने झाकून गेलेल्या राजभाषेला स्वतःचा चेहरा द्यायचा हा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. ‘अमात्य’, ‘सचिव’ हे शब्द आपल्याला आजही परके वाटत नाहीत, त्यामागे तो काळ आहे. पण सही-शिक्क्याने आलेला शब्द आणि बाजारातून, चावडीवरून आलेला शब्द यांची चाल वेगळी असते. ‘जबाब’ काही गेला नाही. उलट ज्या लिखाणातून आपण शिवकाल वाचतो त्याचे नावच ‘बखर’, आणि ‘खबर’ची अक्षरे उलटून ती झाली, असे पुष्कळ जण मानतात.

आता जरा बसा. वाईला, कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळात. १७६२ मध्ये सरदार रास्त्यांनी ते बांधले, त्याला थोडी वर्षे झाली आहेत. रात्र पडली आहे, समया लागल्या आहेत. बायका एका बाजूला वाती वळत बसल्या आहेत. मृदंगावर थाप पडते आणि बुवा उभे राहतात. खांद्यावर उपरणे, हातात चिपळ्या.

नमन होते. मग अभंग घेतात आणि त्याचे निरूपण सुरू होते. हा ‘पूर्वरंग’. त्याला शास्त्र लागते, दाखले लागतात, आणि श्रोत्यांची मान हलते आहे की डुलकी लागली आहे हे ओळखणारी नजर लागते. मध्यंतरात बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. त्यानंतर ‘उत्तररंग’, म्हणजे ‘आख्यान’. पूर्वरंगात जे तत्त्व मांडले तेच आता सीतेच्या, हरिश्चंद्राच्या, दामाजीच्या कथेतून डोळ्यांसमोर उभे करायचे. मोरोपंतांच्या आर्या झांजेच्या ठेक्यावर येतात. बुवा आवाज खाली आणतात, ‘आणि मग काय झालं...’ म्हणतात आणि थांबतात. वाती वळणाऱ्या बायकांचे हात थांबलेले तुम्हाला दिसतात. कथा ‘लागली’.

सांगण्याची कला शिकायची असेल तर या मंडपासारखी शाळा नाही. आणि शब्दही इथेच सांडलेले आहेत. गोष्ट ‘रंगते’, गप्पा ‘रंगतात’, आणि कुणी मधेच कडमडले तर ‘रंगाचा बेरंग’ होतो. रात्रीच्या खेळाला दिव्याचे तेल मोजके. ते सुरुवातीलाच जळून गेले तर पुढे काय, म्हणून लांबलेल्या प्रस्तावनेला ‘नमनाला घडाभर तेल’. पुन्हा पुन्हा येणारे ध्रुपद ते ‘पालुपद’, आणि घरातला जो माणूस एकच तक्रार रोज करतो त्याचेही पालुपदच. मागे उभा असलेला साथीदार बुवांचा सूर धरून लांबवतो, त्यावरून दुसऱ्याच्या मताची ‘री ओढणे’. एकनाथांचे ‘भारूड’ खरे तर नाट्य, सोंगे घेऊन करायचे. पण ते लांबते, म्हणून कंटाळवाण्या हकिकतीलाही लोक भारूड म्हणू लागले. उत्सवाच्या शेवटी ‘लळित’. आणि श्रावणात घरोघर ‘कहाणी’. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपते असे बायका म्हणतात, त्यातले ‘उत्तर’ हे प्रश्नाचे उत्तर नव्हे. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल.

कीर्तन सुटल्यावर पायऱ्यांवर थांबा, घरी निघालेल्या लोकांमागून चाला. आजच्या बुवांनी लांबण लावली, असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, चऱ्हाट वळत होते नुसते. तिसऱ्याच्या मते गुऱ्हाळ लावले होते. बायकांतली एक म्हणते, त्यांची टकळी थांबतेय कुठे! दोर वळणारे, ऊस गाळणारे, सूत कातणारे, दळणारे, ज्याने त्याने आपल्या कामातून बोलण्याला नाव दिले आहे. ‘तेच दळण दळू नकोस’ म्हणणारीच्या हाताला जात्याचा खुंटा माहीत आहे. हे शब्द कुणी बसून घडवलेले नाहीत, आणि म्हणून ते टिकले आहेत.

त्यांना कागदावर बसवणारे लोक बघायचे तर मुंबईला चला. साल १८२८.

खोलीत उकडते आहे. मध्ये बैठक, तिच्यावर याद्यांचे गठ्ठे. शास्त्रीमंडळी बसली आहेत. साहेब तिशीतला आहे, पलटणीतला अधिकारी, जेम्स थॉमस मोल्सवर्थ. सोळा वर्षांचा असताना हिंदुस्थानात आला, मराठी शिकला, आणि शब्द टिपायचा त्याला नादच लागला. मदतीला टॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ आहेत. शास्त्र्यांच्या दुसऱ्या एका मंडळाचे कामही शेवटाला आले आहे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके आणि इतरांनी मिळून केलेला मराठीचा मराठीतच अर्थ देणारा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ पुढच्याच वर्षी, १८२९ मध्ये, शिळाप्रेसवर छापून निघेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये येईल.

तुम्ही काही बोलू जाता आणि पुन्हा अडता. ‘वर्तमानपत्र’ जिभेवर येत नाही, ‘संपादक’ येत नाही, ‘अग्रलेख’ तर दूरच. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघायला १८३२ उजाडायचे आहे. ‘कादंबरी’ म्हटलेत तर शास्त्री लोक बाणभट्टाचे नाव घेतील. गप्प बसा आणि ऐका, आज बोलण्याचेच शब्द निघाले आहेत.

‘घडाघडा,’ एक शास्त्री यादीतून वाचतात.

‘घडाघडा आणि खडाखडा एकच ना?’ साहेब विचारतो.

‘छे छे, साहेब. मुलगा पाठ केलेला अध्याय घडाघडा म्हणतो. साक्षीदार न अडखळता, स्पष्ट सांगतो तो खडाखडा.’

‘आणि फडाफडा?’

‘ते रागाचं. सून एकदाची फडाफडा बोलली म्हणतात.’

‘मग भडाभडा?’

‘पोटातलं सगळं ओकून टाकणं. गुपित राहात नाही ज्याच्या पोटात, तो भडाभडा बोलतो.’

‘आणि लहान मूल?’

‘ते चुरूचुरू बोलतं,’ दुसरे शास्त्री म्हणतात, आणि खोलीतले सगळेच हसतात, कारण प्रत्येकाला आपापल्या घरातले एक मूल आठवले आहे.

अर्थ सांगायला शास्त्र्यांना व्याख्या सुचत नाही. दरवेळी एखादा माणूस आणि एखादा प्रसंग सुचतो. अशा ध्वनीवरून आलेल्या शब्दांना संस्कृतच्या पंडितांनी कधी फारशी किंमत दिली नव्हती. मोल्सवर्थच्या कोशात मात्र ते जागोजाग भेटतात, एकेक छटा वेगळी काढून दाखवलेले. यादी पुढे सरकते तशी तुम्हीही मनाशी लावून बघा. कुजबुजायला दोघे लागतात, पुटपुटायला एकटा पुरतो. कुरकुर तक्रारीची असते. किरकिर मुलाची, भुणभुण मागे लागलेल्याची. बडबड निरुपद्रवी असू शकते, वटवट करणाऱ्याला ऐकणारा आहे की नाही याची पर्वा नसते, आणि कटकट म्हटले की ऐकणाऱ्याची बाजू घेतलीच तुम्ही. तोतरा, बोबडा, गेंगाणा, घोगरा, किनरा, हे आवाजाचे. एका भाषेने बोलणाऱ्याच्या तोंडाकडे किती बारकाईने पाहावे!

मग उडत्या बातम्यांची पाळी येते. इथे शब्द एकटा उचलू नका. त्याचे क्रियापद त्याच्याबरोबर घ्या, नाहीतर घरी नेल्यावर तो चालणार नाही. आवई उठते. कंडी पिकते. हूल देतात. बोभाटा होतो. दवंडी पिटतात. गुपित फुटते. गप्पा मारतात, छाटतात, झोडतात, हाणतात. बाता, बढाया, फुशारक्या मारतात, पण शेखी मिरवतात. थाप मारायचीच, आणि ताजी, खमंग असेल तर ती ‘लोणकढी’. टोमणा मारतात, चिमटा काढतात, कान टोचतात, हजेरी घेतात, खरडपट्टी काढतात, खडे बोल सुनावतात. आणि ‘शब्द’ या शब्दाचेच बघा. तो देतात, पाळतात, फिरवतात, झेलतात. कुणासाठी कुणाकडे टाकतात. काही वेळा तो खाली ‘पडू’ देत नाहीत. परक्या माणसाची मराठी ओळखू येते ती या जोड्यांत. नाम बरोबर येते, क्रियापद चुकते.

हे काम मोल्सवर्थने आयुष्यभर पुरवले. धर्मबुद्धीला पटेना म्हणून पुढे लष्करी नोकरी सोडली, आणि सरकारने पुन्हा बोलावले तेव्हा १८५१ मध्ये येऊन दुसऱ्या आवृत्तीला हात घातला. ती १८५७ साली निघाली, सुमारे ६० हजार शब्दांची. लोक त्याला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणू लागले. परक्याला शास्त्री म्हणणे हा आपल्याकडे मोठा मान आहे आणि तो त्याने कमावलेला आहे.

तरीही या खोलीत नीट नजर फिरवा. एकही बाई इथे नाही. सून फडाफडा बोलली हे सासऱ्यांच्या वयाचे शास्त्री सांगताहेत. जात्यावरचे, चुलीपुढचे, पाणवठ्यावरचे शब्द आलेत, पण शास्त्र्यांच्या आठवणीतून गाळून. शेतकऱ्याचे, कोळ्याचे, गोंधळ्याचे शब्द येतात तेव्हा कधी कधी त्यांच्यावर ‘हलका’, ‘अशिष्ट’ अशी खूण पडते. ऋद्धिपूरला म्हातारीला थेट विचारले होते. मुंबईला तिच्या वतीने दुसरेच बोलताहेत. कोश थोर आहे, मी तो रोज उघडतो, आणि म्हणूनच ही उणीव मला टोचते.

खोलीतल्या टॉमस कँडीकडे जाता जाता एकदा बघून घ्या. पुढे पुण्यात राहून तो मराठी शालेय पुस्तकांवर हात फिरवील, आणि १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ काढील. तोवर पोथीत दंड होता, मोडीत तर ओळ वाहतच जायची, आणि कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याच्या श्वासावर होते. बुवांचे ते ‘आणि मग काय झालं...’ नंतरचे थांबणे कागदावर दाखवायची सोय यानंतर झाली. मराठीत लिहिलेला संवाद आज आपण ऐकल्यासारखा वाचतो, त्यात या चिन्हांचा वाटा मोठा आहे.

शेवटचा मुक्काम पुणे, १९३४. महाराष्ट्र कोशमंडळाची कचेरी. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांचे सहकारी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड काढताहेत. पहिला १९३२ मध्ये आला, सातवा १९३८ मध्ये येईल, आणि पुरवणी १९५० पर्यंत थांबेल. वाक्प्रचारांसाठी वेगळा ‘वाक्संप्रदाय कोश’ही ते काढणार आहेत. टेबलावर ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, लावण्या, पत्रव्यवहार, चिठ्ठ्यांचे गठ्ठे. आता तुमच्या तोंडात जवळजवळ सगळे शब्द परत आलेले आहेत.

टेबलावरचे प्रूफ चाळा. शब्दापुढे कंसात खुणा आहेत: (व.) वऱ्हाडी, (ना.) नागपुरी, (गो.) गोमंतकी, (कु.) कुडाळी, (राजा.) राजापुरी. आणि एक खूण बघून तुम्ही थबकता: (बायकी). बायकांच्या बोलण्यातला म्हणून शब्द वेगळा नोंदवला आहे, त्याचा अर्थ लिहिला आहे, त्याला जागा दिली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत जे सुटत होते त्यातले काही इथे धरले जाते आहे. सगळे नाही. पण दार उघडे आहे.

टेबलामागचा तरुण मान वर करतो. ‘काय आणलंय?’

‘शब्द आणलाय एक,’ तुम्ही म्हणता. ‘गजाल.’

‘कुठला?’

‘मालवणकडचा. सावंतवाडीलाही म्हणतात, गोव्यातही.’

‘कुणाच्या तोंडून ऐकलात?’

‘आजीच्या.’

तो नवी चिठ्ठी पुढे ओढतो. ‘लिंग?’

‘स्त्रीलिंगी. ती गजाल, त्या गजाली.’

‘अर्थ?’

‘गोष्ट. गप्पाही. कधी कधी नुसती बाबही, म्हणजे “काय गजाल आहे?” असं विचारतात.’

‘क्रियापद कुठलं लावतात? करतात, सांगतात की मारतात?’

‘मारतात. “गजाली मारीत बसा नको.”’

‘म्हण आहे एखादी?’

‘आहे ना. “गजालीन घो खाल्लो.” बाई गप्पांत अशी गुंतली, की नवऱ्याचंसुद्धा भान राहिलं नाही.’

तो खळखळून हसतो, म्हण तुमच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतो, ‘घो’ की ‘घोव’ हे विचारून घेतो, तुम्ही दोन्ही म्हणतात असे सांगितल्यावर दोन्ही लिहितो, आणि पुढची कोरी चिठ्ठी हातात घेतो.

‘हं. आजी आणखी काय काय म्हणायची?’